गिरणगावातील रात्र कोणाची?

वर्ष संपत आले की मुंबईच्या इंग्रजी वृत्तपत्रांच्या रंगीत पुरवण्यांत एक यादी न चुकता प्रसिद्ध होते. शहरातील सर्वोत्तम नाइटक्लब कोणते, कोणाचे संगीत अधिक चांगले, कोणत्या गच्चीवरून शहराचे दिवे अधिक सुंदर दिसतात, कोठे आधीपासून जागा राखून ठेवावी लागते, याची तीत सविस्तर चर्चा असते. गेली वीस-पंचवीस वर्षे या याद्यांत लोअर परळचे नाव आघाडीवर राहिले आहे. दुर्ग-भिलाईच्या मोहन नगरात, नागपुरात, इंदुरात किंवा बडोद्यात राहणाऱ्या मराठी कार्यकर्त्याला हे नाव निराळ्या कारणासाठी ठाऊक आहे. लोअर परळ म्हणजे गिरणगाव. भारतीय कामगार चळवळीच्या इतिहासातील कित्येक पाने याच वस्तीत लिहिली गेली आणि १९८२ चा ऐतिहासिक संपही येथेच लढला गेला.

यादी करणाऱ्यांवर रागावण्याचे कारण नाही. ग्राहकाच्या दृष्टीने ते मोजमाप करतात आणि त्यांचा धंदा तोच आहे. परंतु तीन प्रश्न या याद्या कधीही विचारीत नाहीत. क्लब ज्या जमिनीवर उभा आहे, ती जमीन या व्यापारासाठी मोकळी कशी झाली? आग लागली तर आतला माणूस बाहेर कसा पडणार? आणि पहाटे संगीत थांबल्यावर पेले उचलणारा, भांडी घासणारा, दारावर उभा राहणारा कामगार कोणत्या संरक्षणाच्या आधाराने घरी जातो? या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळेपर्यंत कोणत्याही क्लबला उत्तम म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. नाइटक्लबचा विषय निघाला की संस्कृतिरक्षणाचा आव आणणारी मंडळी पुढे सरसावतात. मुलींनी रात्री बाहेर पडू नये, पाश्चात्त्य संगीताने तरुण पिढी बिघडते, असा त्यांचा नेहमीचा धोशा असतो. कामगार चळवळीचा त्या धोशाशी काडीइतकाही संबंध नाही. आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि आठ तास स्वतःसाठी ही मागणी जगभरच्या कामगारांनी रक्त सांडून पुढे आणली. तिच्यातील अखेरच्या आठ तासांत संगीताचा, नृत्याचा, मित्रमंडळींत रमण्याचा हक्क अंतर्भूत आहे. श्रम करणाऱ्या माणसाने कामावरून सुटल्यावर केवळ झोपावे, असे मालकालाच वाटत असते.

गिरणगावाची स्वतःची एक रात्र होती. मध्यरात्री दुसरी पाळी सुटे आणि तिसरी पाळी आत जाई. त्या वेळी रस्त्यावर एवढी गर्दी असे की वस्ती झोपते केव्हा, असा प्रश्न पडावा. लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशाचे फड रंगत. सोशल सर्व्हिस लीगने १९२२ मध्ये परळला उभारलेल्या दामोदर सभागृहात कामगारांची नाटके होत. कोकणातून आलेल्या गिरणी कामगारांची भजने, नमने आणि दशावतार चाळींच्या पटांगणांत चालत. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले, तेव्हा हजारो माणसे मैदानात मांडी घालून त्यांचे पोवाडे आणि लोकनाट्ये ऐकत असत. या करमणुकीत दारिद्र्य होते, गैरसोय होती, तिचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. परंतु ती त्या वस्तीची होती आणि वस्तीतील माणसाला दारावरून परत पाठवीत नव्हती.

आता पहिला प्रश्न, जमिनीचा. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची स्थापना केली आणि पुढील काळात शहराच्या मध्यभागी सुमारे सहाशे एकर जमीन गिरण्यांच्या ताब्यात आली. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप अधिकृतपणे कधीही मागे घेतला गेला नाही. गिरण्या मात्र एकामागून एक बंद पडत गेल्या. यंत्रे जुनाट झाली होती, ती बदलण्यासाठी पैसा घालण्याची मालकांची इच्छा नव्हती आणि दरम्यान गिरणीखालच्या जमिनीचे मोल गिरणीत विणल्या जाणाऱ्या कापडापेक्षा कितीतरी पटींनी वाढले होते. सरकारने १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ वा नियम घातला. त्यानुसार विकासास काढलेल्या गिरणीच्या जमिनीचे साधारणतः तीन वाटे व्हावयाचे होते: एक वाटा महापालिकेला मैदाने व बागांसाठी, एक वाटा म्हाडाला सार्वजनिक घरांसाठी आणि उरलेला मालकाला. शहराच्या दृष्टीने ही तरतूद मोलाची होती.

२००१ मध्ये या नियमात दुरुस्ती झाली. वाटणी व्हावयाची ती केवळ मुळातच मोकळ्या असलेल्या जमिनीची. इमारती पाडून जी जमीन मोकळी होईल ती वाटणीतून वगळली जाईल, असा तिचा अर्थ निघाला. गिरणीचे आवार म्हणजे बहुतांशी इमारतीच. त्यामुळे शहराच्या वाट्याला येणारी जमीन आकसून अगदी थोडी उरली. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये नागरिकांच्या बाजूने कौल दिला. पण ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला आणि दुरुस्ती कायम राहिली. मॉल, कार्यालयांचे मनोरे आणि त्यांच्या गच्च्यांवरील क्लब यांचा मार्ग निष्कंटक झाला तो अशा रीतीने. एका शब्दाच्या अर्थाने शेकडो एकरांचे भवितव्य ठरले.

या घडामोडींचे स्वरूप आधीच स्पष्ट झाले होते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस फिनिक्स गिरणीच्या आवारात बोलिंगचा खेळ आणि डिस्कोथेक सुरू झाले, तेव्हा गिरणी कामगारांच्या करमणुकीचे निमित्त पुढे करून यासाठी परवानगी मिळविण्यात आली, असा आक्षेप कामगार संघटनांनी जाहीरपणे घेतला होता. ज्याचे नाव पुढे केले गेले त्या कामगाराची थकबाकी तेव्हा चुकती झाली नव्हती, आणि तेथील एका पेल्याच्या किमतीत चाळीतील त्याच्या खोलीचे महिन्याचे भाडे भागले असते. आज तो कामगार किंवा त्याचा वारस घरासाठी म्हाडाच्या सोडतीची वाट पाहत आहे. २०१२ मध्ये ६,९२५ घरांची सोडत निघाली. अर्ज आले ते दीड लाखाच्या घरात, आणि पुढे त्यांत भरच पडली. सोडती निघत राहिल्या तरी बहुसंख्य अर्जदार घराविना राहिले आणि त्यांना शेलू व वांगणीचा रस्ता दाखविण्यात आला. मुंबई घडविणाऱ्याला मुंबईतच घर हवे, ही मागणी घेऊन २०२५ च्या जुलैमध्ये वयोवृद्ध कामगार आणि त्यांच्या विधवा भर पावसाळ्यात आझाद मैदानावर आल्या.

राज्यकर्त्यांची रात्रीविषयीची नैतिकता माणसाचा खिसा पाहून कशी बदलते, याचाही पुरावा याच शहरात आहे. २००५ मध्ये महाराष्ट्र सरकारने मुंबई पोलीस कायद्यात दुरुस्ती करून डान्स बारवर बंदी घातली. पण तीन किंवा त्याहून अधिक तारांकित हॉटेले व बडे क्लब यांना त्या बंदीतून वगळण्यात आले. म्हणजे तेच नृत्य लहानशा बारमध्ये झाले तर समाज बिघडतो आणि तारांकित हॉटेलात झाले तर पर्यटनाला चालना मिळते. उच्च न्यायालयाने १२ एप्रिल २००६ रोजी आणि सर्वोच्च न्यायालयाने १६ जुलै २०१३ रोजी ही बंदी घटनाबाह्य ठरविली. श्रीमंत आणि सामान्य ग्राहकांच्या नीतिमत्तेत असा भेद करणे न्यायालयांना मान्य झाले नाही. परंतु या निकालापर्यंत आठ वर्षे लोटली होती. ज्या हजारो स्त्रियांचा रोजगार एका रात्रीत गेला, त्यांचे पुनर्वसन करण्याची आश्वासने कागदावरच राहिली. डान्स बारमध्ये शोषण होते हे कोणीही नाकारणार नाही. शोषण थांबविण्याचा उपाय मात्र कामगार म्हणून त्या स्त्रियांना हक्क देणे हा होता. त्यांची भाकरी काढून घेणे हा नव्हे.

दुसरा प्रश्न जिवाचा. २०१७ च्या डिसेंबर महिन्यातील दहा-अकरा दिवसांचा हिशेब येथे मांडला पाहिजे. १८ डिसेंबरच्या पहाटे साकीनाक्याच्या खैरानी रोडवरील फरसाणच्या कारखान्याला आग लागली आणि तेथेच झोपलेले १२ कामगार मृत्युमुखी पडले. कामाची जागा तीच झोपण्याची जागा, हे मुंबईच्या असंघटित कामगाराचे रोजचे जीवन आहे. २८ डिसेंबरची रात्र संपून २९ तारीख लागली आणि कमला मिलच्या आवारातील एका इमारतीच्या गच्चीवर ‘मोजोज बिस्ट्रो’ व ‘वन अबव्ह’ या दोन जागांना आगीने वेढले. १४ जण मेले. त्यांत बहुसंख्य तरुण स्त्रिया होत्या. बरेच जण धुराने गुदमरून गेले. बाहेर पडण्याची वाट न सापडल्याने काहींनी स्वच्छतागृहात आसरा घेतला होता. हुक्क्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कोळशाच्या ठिणग्या आणि गच्चीवर घातलेले ज्वालाग्राही छत यांकडे अग्निशमन दलाच्या तपासाने बोट दाखविले.

पहिल्या आगीची बातमी दोन दिवसांत मागे पडली. दुसऱ्या आगीनंतर महापालिकेचे हातोडे शहरभर फिरले आणि एकाच दिवसात शेकडो बेकायदा बांधकामे पाडली गेली. एका दिवसात पाडता येण्याजोगी ही बांधकामे आदल्या दिवसापर्यंत कोणाच्या आशीर्वादाने उभी होती? उच्च न्यायालयाने नेमलेल्या, निवृत्त मुख्य न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखालील समितीनेही २०१८ मध्ये क्लबचालकांबरोबर महापालिकेच्या कारभारावर ठपका ठेवला. साकीनाक्याचा कामगार आणि कमला मिलमध्ये वाढदिवस साजरा करण्यास आलेली तरुणी यांना एकमेकांचे नावही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण दोघांचा जीव घेणारे कारण एकच होते. प्रत्येक चौरस फुटातून नफा काढण्याच्या हव्यासात दार, जिना आणि मोकळी वाट यांना जागा उरली नव्हती, आणि तपासणी करणाराने डोळे मिटले होते.

या तपासणीची रचनाही समजून घेतली पाहिजे. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीतील आग विझविण्याची साधने सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारी व जुलैमध्ये द्यावे लागते. हे प्रमाणपत्र परवानाधारक खाजगी संस्था देते आणि तिचे पैसे इमारतीचा मालक किंवा वहिवाटदार देतो. ज्याची तपासणी करावयाची त्याच्याच पैशावर तपासनीस जगणार असेल, तर त्याच्याकडून कठोरपणाची अपेक्षा कोणी करावी?

कमला मिलचा धडा घेतला गेला असता तर गोव्यातील दुर्घटना घडती ना. ६ डिसेंबर २०२५ च्या मध्यरात्रीच्या सुमारास हडफडे येथील एका नाइटक्लबला आग लागून २५ माणसे मरण पावली. या वेळी मृतांमध्ये ग्राहक थोडे आणि कामगार अधिक होते. झारखंड, उत्तराखंड, आसाम, नेपाळ येथून पोटासाठी आलेली ही तरुण मुले होती. त्यांतील अनेक जण तळघराकडील स्वयंपाकघरात अडकून गुदमरले. बांधकाम पाडण्याची नोटीस ग्रामपंचायतीने पूर्वी काढली होती आणि वरच्या कार्यालयातून तिला स्थगिती मिळाली होती, हेही पुढे आले. ग्राहकासाठी निदान एक दर्शनी दार असते. स्वयंपाकघरातील कामगारासाठी तेही नव्हते.

येथून तिसरा प्रश्न सुरू होतो. नाइटक्लब हा आज एक उद्योग आहे आणि त्यात काम करणारा माणूस हा रात्रपाळीचा कामगार आहे. वाढपी, आचारी, मदतनीस, सफाई करणाऱ्या स्त्रिया, दारावरचे बाउन्सर, वाद्य वाजविणारे आणि गाणारे कलावंत, या सर्वांच्या श्रमावर तो चालतो. त्यांतील पुष्कळ जण ठेकेदारामार्फत येतात. नेमणुकीचे पत्र हाती नसते, मूळ पगार थोडा आणि बाकी सारा भरवसा ग्राहकाने दिलेल्या टीपवर. मुंबईत बार दीडच्या सुमारास बंद होतो. शेवटची लोकल त्यापूर्वीच निघून गेलेली असते आणि पहिली सुटते चारच्या सुमारास. विरार, कल्याण किंवा पनवेलकडे राहणारा वाढपी आवराआवर करून उरलेली रात्र फलाटावर काढतो. गिरणीची तिसरी पाळी संपे तेव्हा कामगाराची खोली हाकेच्या अंतरावर असे. नव्या गिरणगावातील रात्रपाळीच्या कामगाराला तेवढेही सुख नाही.

सरकारने या कामगारासाठी काय केले? महाराष्ट्राचा नवा दुकाने व आस्थापना कायदा १९ डिसेंबर २०१७ रोजी, म्हणजे कमला मिलच्या आगीच्या दहाच दिवस आधी, अमलात आला. त्याने आस्थापनांना रात्रंदिवस धंदा करण्याची मुभा दिली आणि स्त्रियांना त्यांच्या संमतीने, संरक्षणाची व वाहतुकीची सोय करण्याच्या अटीवर, रात्रपाळीत काम करण्यास वाव दिला. स्त्रीला रात्रीचा रोजगार मिळावा हे योग्यच आहे. पण दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापना या कायद्याच्या बहुतेक तरतुदींबाहेर राहिल्या. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये तर राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीस कामगारांपर्यंत वाढविण्यास आणि कामाचा दिवस नऊ तासांवरून दहा तासांवर नेण्यास मंजुरी दिली. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने चार श्रमसंहिता लागू केल्या. रात्रीची अर्थव्यवस्था वाढवा, असा घोष एकीकडे चालू आहे. दुसरीकडे त्या रात्रीत राबणाऱ्यांचे संरक्षण क्रमाक्रमाने कमी होत आहे.

याहून वेगळा विचार या देशात झालेला आहे. भिलाईच्या वाचकांना त्याचे उदाहरण घराशेजारीच मिळेल. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून सार्वजनिक क्षेत्रात पोलाद कारखाना उभा राहिला आणि १९५९ च्या फेब्रुवारीत त्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. कारखान्याबरोबर वसाहत आखली गेली, तीत शाळा, रुग्णालय, क्रीडांगणे आली आणि १९७२ मध्ये मैत्री बाग उभी राहिली. कामगाराने आपल्या मुलाबाळांना घेऊन संध्याकाळी कोठे जावे, हा प्रश्न तेथे नगररचनेचा भाग मानला गेला. या चित्राची दुसरी बाजूही लपविण्याचे कारण नाही. त्याच परिसरातील ठेका कामगार या सुखसोयींच्या बाहेर राहिले. त्यांचे नेते शंकर गुहा नियोगी यांची २८ सप्टेंबर १९९१ रोजी हत्या झाली आणि १ जुलै १९९२ रोजी रेल्वेमार्गावर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जे कायम कामगाराला मिळाले ते ठेका कामगारानेही मागितले, एवढाच त्यांचा गुन्हा होता. करमणूक, घर आणि सुरक्षित काम यांवर सर्वांचा सारखा हक्क आहे, हे तत्त्व भिलाईत अर्धे सिद्ध झाले. लोअर परळमध्ये ते पायदळी तुडविले गेले.

म्हणून मागण्या स्पष्ट असावयास हव्यात. प्रत्येक क्लबच्या दारावर तेथील परवाना, आत किती माणसांना मुभा आहे तो आकडा आणि अग्निशमन दलाच्या अखेरच्या तपासणीची तारीख मराठीत ठळकपणे लावली गेली पाहिजे. तपासणी सरकारी यंत्रणेने करावी आणि तीत स्वयंपाकघर, कोठार व कामगारांची ये-जा करण्याची वाट यांचा समावेश असावा. दुर्घटनेनंतर मालकाइतकाच परवानगी देणारा अधिकारीही जबाबदार धरला जावा. ठेक्यावरील कामगारांसह प्रत्येकाला नेमणुकीचे पत्र, भविष्यनिर्वाह निधी, राज्य विमा आणि रात्री घरी पोहोचण्याची सोय मिळावी. गिरण्यांच्या उरलेल्या जमिनीवर प्रथम हक्क गिरणी कामगारांच्या घरांचा आणि सामान्य माणसाला परवडणाऱ्या सभागृहांचा व मैदानांचा असावा.

या मागण्या आपोआप मान्य होणार नाहीत. रात्रीचे कामगार विखुरलेले आहेत, तरुण आहेत, वरचेवर नोकरी बदलतात. त्यांची संघटना होणे शक्य नाही, असे म्हणणारे पुष्कळ भेटतील. गिरणगावातील खानावळवाल्यांविषयीही असेच म्हटले जात असे. घराच्या चार भिंतींत, चुलीपुढे बसून गिरणी कामगारांचे डबे भरणाऱ्या त्या स्त्रियांना कोणी कामगार म्हणायलाही तयार नव्हते. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांच्या दारोदार जाऊन अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, सावकाराच्या कर्जातून त्यांची सुटका करण्यासाठी राष्ट्रीयीकृत बँकेची दारे उघडून घेतली आणि अशक्य म्हटलेले काम करून दाखविले.

एके काळी पाळी बदलण्याच्या वेळी गिरणीच्या फाटकावर सभा होत असे. वक्ता आधी पोहोचे आणि भोंगा झाला की बाहेर पडणारे व आत जाणारे कामगार पाच-दहा मिनिटे थांबून ऐकत. आज त्याच आवारांच्या मागच्या दारातून पहाटे दोन वाजता वाढपी आणि सफाई करणाऱ्या बाया बाहेर पडतात, आणि तेथे त्यांची वाट पाहणारा कोणीही नसतो. मुंबई, पुणे, नागपूर, पणजी, जेथे जेथे असे मागचे दार आहे तेथे तेथे कार्यकर्त्यांनी पोहोचले पाहिजे. पुरवणीतील यादी पुढील डिसेंबरमध्येही निघेल. तोपर्यंत निदान काही क्लबांमध्ये मागचे दार कुलपाविना उघडे असावे आणि आतल्या कामगाराच्या खिशात संघटनेच्या सभासदत्वाची पावती असावी, एवढे काम या वर्षभरात करण्यासारखे आहे.